वीज सुसाट, मग उष्णतेचे काय?

विदर्भातल्या आर्वीत मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा टिनाच्या छपराला हात लावायची सोय नसते. धातूतून उष्णता दोन मार्गांनी जाते: मोकळे इलेक्ट्रॉन ती नेतात आणि अणूंच्या जाळीची थरथरही. या थरथरीच्या पुंजांना फोनॉन म्हणतात. धातूंत बहुतेक काम इलेक्ट्रॉनच करतात.

अॅल्युमिनियम अतिशीत होऊन अतिवाहक झाले की त्याचे इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. विजेचा रोध शून्यावर येतो. पण जोडीतले इलेक्ट्रॉन उष्णता वाहत नाहीत, म्हणून उष्णतावहन घटते. १९८७ साली इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजनचा एक स्फटिक उणे १८० अंशांच्या आसपासच अतिवाहक झाला. त्यात मात्र उलटेच घडले. थंड करत गेल्यावर उष्णतावहन वाढले, आणि उणे २३० अंशांच्या सुमारास जवळपास दुप्पट झाले!

पहिले स्पष्टीकरण सरळ होते: इलेक्ट्रॉन जोडीत अडकले, त्यांच्यावर आदळणाऱ्या फोनॉनना वाट मोकळी झाली. पण १९९५ मध्ये प्रिन्स्टनला फुआन ओंग यांच्या गटाने चुंबकीय क्षेत्र लावून आडवी वळणारी उष्णता मोजली. असे वळण मुख्यतः इलेक्ट्रॉनच घेतात. जोडीबाहेर उरलेले इलेक्ट्रॉनही आता न धडकता लांबवर जातात आणि वाढीत त्यांचा वाटा मोठा आहे, असे त्यातून दिसले. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो.

उरलेला वाटा फोनॉनचा. जाळीची ही थरथर मोजायची तर न्यूट्रॉन हवा. तो स्फटिकातून बाहेर पडताना जितकी ऊर्जा गमावतो किंवा कमावतो, तितकी त्याने शोषलेल्या किंवा निर्माण केलेल्या फोनॉनची. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार यांनी कॅनडात ब्रॉकहाउस यांच्यासोबत जर्मेनियमची कंपने अशीच मोजली आणि ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात ही विद्या रुजवली. ब्रॉकहाउस यांना १९९४ चे नोबेल मिळाले. पुढे ट्रॉम्बेतच एस. एल. चपलोत यांनी या तांबे-ऑक्सिजन स्फटिकांतला कोणता अणू कसा हलतो, याची गणिते मांडली. हलका ऑक्सिजन सेकंदाला पंधरा लाख कोटींहून अधिक वेळा हलू शकतो; जड बेरियम त्यामानाने संथ.

उष्णता कोण नेते, या हिशेबाला व्यवहारात मोल आहे. जिनिव्हाजवळच्या महाकाय कणवेगकाचे चुंबक द्रव हेलियमने गार ठेवतात. बाहेरून वीज नेणारी तांब्याची जाड जोडणी सोबत उष्णताही आत नेते. म्हणून तिथे हजाराहून अधिक जोडण्यांच्या थंड भागात तांब्यापेक्षा कितीतरी कमी उष्णता नेणाऱ्या बिस्मथयुक्त अतिवाहकाच्या फिती बसवल्या. त्या फितींना चांदीचे आवरण लागते. शुद्ध चांदीतून उष्णता सहज आत गेली असती, म्हणून तिच्यात थोडे सोने मिसळले. सोन्याचे अणू इलेक्ट्रॉनची वाट मोडतात.