जुन्या दागिन्यावरचा छाप वाचायला शिका

तराजू सोन्याचे वजन सांगतो, शुद्धता सांगत नाही. तरीही आपल्या घरांत विरासत वाटताना, मेहरचा दागिना मोडताना किंवा अडीअडचणीला गहाण ठेवताना हिशेब होतो तो फक्त तोळ्यांचा. समजा, आईच्या मागे पाच-पाच तोळ्यांचे दोन दागिने राहिले आणि दोन बहिणींनी एकेक घेतला. पहिल्यावर ९१६ चा छाप आहे, दुसऱ्यावर ५८५ चा. पहिल्यात शुद्ध सोने ४.५८ तोळे, दुसऱ्यात अवघे २.९२ तोळे. नियत साफ असूनही एका बहिणीला दुसरीपेक्षा दीड तोळ्याहून अधिक सोने कमी मिळाले. मापात खोट करणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. ही खोट अजाणतेपणी होऊ नये म्हणून छाप वाचता आला पाहिजे.

आकड्यांचा अर्थ

हे आकडे हजारात किती भाग सोने आहे ते सांगतात. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ८७५ म्हणजे २१, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४ आणि ३७५ म्हणजे ९ कॅरेट. चांदीवर ९२५ असेल तर ती स्टर्लिंग चांदी. छाप बहुधा अंगठीच्या आतल्या बाजूला, बांगडीच्या पोटात, हाराच्या फाशाजवळ किंवा पदकाच्या पाठीवर असतो. जुना छाप झिजलेला असतो. दागिना कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन उजेडात भिंगाखाली पाहावा.

छापावरून काळ ओळखा

आपल्या देशात सोन्याच्या दागिन्यांवर सरकारमान्य हॉलमार्क सुरू झाला तो २००० साली. त्याआधीच्या दागिन्यावर जी अक्षरे दिसतात ती पेढीची किंवा कारागिराची स्वतःची. ती त्या दुकानाची जबान होती, सरकारची हमी नव्हे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली आणि ती १९६६ मध्ये उठली. म्हणून त्या दरम्यान घडलेला दागिना “जुने ते सारे चोख” असे समजून घेऊ नये.

२००० नंतरच्या हॉलमार्कमध्ये पाच खुणा असत : भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, जवाहिऱ्याची खूण आणि वर्षाचे इंग्रजी अक्षर. ‘ए’ म्हणजे २०००, ‘बी’ म्हणजे २००१, ‘जे’ म्हणजे २००८. वर्षाचे अक्षर २०१७ पासून बंद झाले. जुलै २०२१ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक आला आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्याच्या विक्रीला तो आवश्यक झाला. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर हा क्रमांक टाकला की दागिन्याची नोंद दिसते. घरातल्या जुन्या, छाप नसलेल्या दागिन्यावर मात्र बंदी नाही. तो बाळगता येतो, विकताही येतो.

परदेशातून आलेला माल

आखातात कमावलेल्या पैशातून घेतलेल्या दागिन्यांवर बरेचदा ८७५ किंवा २१ असा छाप असतो, कधी अरबी आकड्यांत. तो २२ कॅरेटच्या भावाने घेणारा फसतो आणि १८ च्या भावाने विकणाराही फसतो. माळेत ओवलेली इंग्रजी गिनी २२ कॅरेटची, सुमारे ७.९९ ग्रॅमची असते. १९१८ साली अशी नाणी मुंबईच्या टांकसाळीतही पडली. त्यांवर साल लिहिलेल्या जागेच्या वर इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर आहे. नाण्याला कडी जोडलेली असेल तर तिचे वजन वेगळे धरावे.

फसवे छाप

‘केडीएम’ हा शुद्धतेचा छाप नव्हे. सांधा जोडताना कॅडमियम मिसळलेला डाक वापरला, एवढाच त्याचा अर्थ. कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक आहे. आपल्या ज्या भावांकडे अजून हा डाक असेल त्यांनी तो आजच सोडावा. ‘ईपीएनएस’ म्हणजे वरून चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हर हे तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते, त्यात चांदी नसते. ‘१/२०’ सोबत ‘१२ के’ आणि ‘जीएफ’ अशी अक्षरे असतील तर सोन्याचा फक्त पत्रा वर चढवलेला आहे.

छाप हा दावा, तपासणी हा पुरावा

कापडाच्या धंद्यात ताग्याच्या काठावरचा गिरणीचा छाप पाहूनही आम्ही सूत हाताने तपासतो. सोन्याचेही तसेच. ९१६ चा ठसा कोणीही मारू शकतो. कसोटीवर रेघ ओढून तेजाब लावले की अनुभवी माणसाला अंदाज येतो. मशीनची तपासणी दागिन्याला इजा करत नाही, पण ती वरचा थरच वाचते. शंका असेल तर एकाहून अधिक जागी तपासावे. पक्का निकाल आगीतल्या तपासणीतून मिळतो. ब्यूरोमान्य केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिने तपासून अहवाल घेता येतो. २०२२ मध्ये चार दागिन्यांपर्यंतचे शुल्क दोनशे रुपये आणि वर कर असे ठरले होते. हॉलमार्कचा दागिना कमी शुद्धतेचा निघाला तर २०१८ च्या नियमांप्रमाणे फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळू शकतो. त्यासाठी पावती जपून ठेवावी.

दागिना मोडताना आधी वजन करावे, लाख आणि खडे वेगळे धरावेत, शुद्धता लिहून घ्यावी आणि मगच वितळवू द्यावा. एकदा आगीत गेला की छापही जातो आणि पुरावाही.

शेवटची गोष्ट आपल्या जवाहीर आणि कारागीर भावांसाठी. जुना दागिना घेऊन येणारी बाई अनेकदा विधवा असते, गरजू असते, छाप वाचू शकत नाही. तिला आकडा दाखवून, समजावून, लिहून द्या. तिची अमानत आपल्या हाती आहे. जो दुकानदार हे करील त्याच्या पेढीची खूण पुढच्या पिढीलाही ओळखीची राहील, इन्शाअल्लाह.