लोकशाहीला हार, लष्करशहाला पायघड्या!

ब्रह्मदेश म्हटले की मराठी माणसाला दोन वास्तू आठवतात. एक मंडालेचा तुरुंग, जिथे लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. दुसरा रत्नागिरीचा थिबा राजवाडा. आमचा पुढारी तिकडे कैदेत, त्यांचा राजा इकडे. दोघांचाही तुरुंगाधिकारी इंग्रजच! अशा जुन्या शेजाऱ्याशी स्वतंत्र भारत कसा वागला, ही कथा मात्र फारशी अभिमानाची नाही.

सुरुवात छान होती. ऑगस्ट १९८८ मध्ये रंगूनचे विद्यार्थी लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा भारताने उघडपणे त्यांची बाजू घेतली. पळून आलेल्यांसाठी मणिपूर आणि मिझोराममध्ये छावण्या उभ्या राहिल्या. आकाशवाणीची ब्रह्मी भाषेतली सेवा लष्करशहांवर इतकी तुटून पडे, की तिकडचे सेनापती वैतागत. दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात शिकलेल्या आंग सान सू ची तर आपल्याला घरच्याच वाटत. १९९० च्या निवडणुकीत, त्या नजरकैदेत असतानाही, त्यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. सेनापतींनी सत्ता सोडलीच नाही.

आणि इथेच दिल्लीला हिशेब सुचला. सोळाशे किलोमीटरहून लांब सरहद्द, पलीकडच्या जंगलात दडलेले नागा आणि आसामी बंडखोर, शिवाय चीन तिथे शस्त्रे आणि पैसा घेऊन हजर. मार्च १९९३ मध्ये परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित रंगूनला गेले. १९९४ मध्ये सीमा-व्यापाराचा करार झाला. मग १९९५ साली गंमतच झाली. दोन्ही लष्करे मिझोरामच्या सीमेवर बंडखोरांविरुद्ध संयुक्त मोहीम चालवत होती आणि त्याच सुमारास दिल्लीने सू चींना नेहरू पुरस्कार जाहीर केला! सेनापती बिथरले, मोहिमेतून त्यांनी अंग काढून घेतले. त्यानंतर आपण असा 'प्रमाद' सहसा केला नाही.

दिल्लीतच याचे चालतेबोलते चित्र पाहायला मिळे. मुंबईचे एकेकाळचे 'बंदसम्राट' जॉर्ज फर्नांडिस १९९८ मध्ये संरक्षणमंत्री झाले. ते ब्रह्मी विद्यार्थ्यांचे जुने पाठीराखे. त्यांच्या सरकारी बंगल्याच्या आवारात या निर्वासित मुलांना थारा होता. आणि २००० साली त्याच ब्रह्मी लष्कराचे दुसऱ्या क्रमांकाचे सेनापती माउंग आय यांचे राजधानीत सन्मानाने स्वागत झाले. सरकार एकच, पाहुणे दोन प्रकारचे.

पक्ष बदलले, रीत बदलली नाही. सप्टेंबर २००७ मध्ये भगव्या वस्त्रांतले हजारो भिक्खू रंगूनच्या रस्त्यांवर होते. नेमके त्याच दिवसांत आपले पेट्रोलियममंत्री, मुंबईचे मुरली देवरा, नैसर्गिक वायूच्या शोधाचे करार करण्यासाठी त्या देशात गेले होते. काही दिवसांतच भिक्खूंवर गोळ्या चालल्या. २०१० मध्ये लष्करशहा थान श्वे दिल्लीला आले, राजघाटावर त्यांनी फुले वाहिली. कोणाला गुदमरल्यासारखे झाले असेल, तर ते निदान यजमानांना तरी नव्हे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा आपल्या संसदेत येऊन ब्रह्मदेशाबद्दलच्या मौनावरून चार शब्द सुनावून गेले. १९५३ साली इराणचे लोकनियुक्त पंतप्रधान मोसादेक यांना उलथवण्यात हात असलेल्या देशाने आम्हाला शिकवावे, हेही खासच! पण सांगणारा शुद्ध नसला, म्हणून सांगणे खोटे ठरत नाही. सुटकेनंतर २०१२ मध्ये सू ची दिल्लीत नेहरू स्मृती व्याख्यानाला आल्या. आपल्या कठीण काळात भारत दूर गेला याचे दुःख वाटले, असे त्यांनी शांतपणे बोलून दाखवले. (पुढे रोहिंग्यांच्या बाबतीत त्यांनीही तसेच सोयीचे मौन पाळले, हे विसरता येत नाही.)

सरहद्द सांभाळायची तर शेजारच्या सत्तेशी बोलावे लागते, हे मान्य. चीनची भीतीही खोटी नाही. खटकते ते वेगळेच: 'जगातील सर्वांत मोठी लोकशाही' ही बिरुदावली आपण प्रत्येक व्यासपीठावर मिरवतो. गप्पच बसायचे, तर मग ढोल तरी कशाला?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. २७ मार्चला त्यांच्या सेनादिनाच्या संचलनाला भारताचा प्रतिनिधी हजर होता. त्याच दिवशी शंभराहून अधिक नागरिक मारले गेले. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निषेधाचा ठराव आला, तेव्हा ११९ देशांनी बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिला.

आणि सरहद्दीवर? मार्चअखेर मणिपूर सरकारने फर्मान काढले, की येणाऱ्यांसाठी छावण्या उघडू नयेत, त्यांना 'सौजन्याने' परत पाठवावे. ओरड झाली, तेव्हा तीन दिवसांत ते मागे घ्यावे लागले. मिझोरामने मात्र केंद्राचे ऐकले नाही. पलीकडचे चिन लोक आमच्या रक्ताचे आहेत, त्यांना हाकलणे आम्हाला जमणार नाही, असे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांनाच कळवले. हजारो माणसे आली. गावच्या चर्चने आणि तरुण मंडळांनी तांदूळ, कपडे, पांघरुणे गोळा केली आणि कित्येक मिझो घरांत चूल दोन कुटुंबांसाठी पेटू लागली.