पेढीवरच्या फोनवरून ११२ लागतो का?

गेल्या हंगामात जवळा बाजार येथील एका परिचितांच्या आडत पेढीवर बसलो होतो. भिंतीवरच्या इंटरकॉमकडे पाहून सहज विचारले, "शेठजी, गोदामात आग लागली तर तिथला माणूस कोणता क्रमांक लावील?" उत्तर तत्काळ आले, "एकशे एक." म्हटले, लावून तर पाहा. त्यांनी लावला आणि समोरच्या गादीवर मुनीमजींचा फोन खणखणला! पेढीच्या अंतर्गत यादीत १०१ हा मुनीमजींचा क्रमांक होता. आम्ही सारेच हसलो, पण क्षणभरच. कारण गोदाम तेव्हा कापसाने छतापर्यंत भरलेले होते.

यात त्या पेढीचा विशेष दोष नाही. खासगी टेलिफोन यंत्रणेत, म्हणजे ईपीएबीएक्समध्ये, आतले क्रमांक पुष्कळदा तीन आकडीच असतात आणि बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधी शून्य किंवा नऊ दाबावा लागतो. रोजच्या सवयीमुळे हा नियम आपल्याला जाणवतही नाही. घाबरलेल्या माणसाला, पाहुण्याला अथवा लहान मुलाला मात्र तो आठवेलच असे नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्शल गावच्या एका मोटेलमध्ये १ डिसेंबर २०१३ रोजी कॅरी हंट या महिलेवर तिच्या विभक्त पतीने प्राणघातक हल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतील फोनवरून ९११ हा क्रमांक चार वेळा लावला. शाळेत शिकवले होते, तसेच तिने केले. परंतु बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक नऊ दाबायचा असतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. कॅरीचे प्राण वाचले नाहीत. तिच्या वडिलांनी त्यानंतर अथक पाठपुरावा केला आणि २०१८ साली तिच्याच नावाचा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर तेथे बसणाऱ्या अशा यंत्रणांतून कोणताही आधीचा आकडा न दाबता ९११ लागलाच पाहिजे आणि त्याच वेळी कार्यालयातील जबाबदार व्यक्तीला सूचनाही गेली पाहिजे, असे बंधन आले.

आपल्याकडे ट्रायने २०१५ साली ११२ या एकाच संकटकालीन क्रमांकाची शिफारस केली. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ पासून सुरू आहे. रुग्णवाहिकेचा १०८ त्याआधीच, २०१४ पासून, आपल्या ओळखीचा झाला आहे. हे क्रमांक मोबाइलवरून सहज लागतात, म्हणून पेढीचा फोन कोणी तपासत नाही.

तपासणी अवघड नाही, मात्र ती रीतसर व्हावी. प्रथम यंत्रणा बसवणाऱ्या कारागिराला बोलावून १०१, १०८ व ११२ हे आकडे अंतर्गत यादीतून काढावेत आणि ते शून्याविना बाहेर जातील अशी सोय करावी. पोलीस ठाण्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आधी कळवून, त्यांनी सांगितलेल्या वेळी एकदाच फोन करावा. पलीकडून आवाज येताच "ही चाचणी आहे, संकट नाही" हे पहिले वाक्य असावे. चुकून लागला म्हणून फोन मध्येच ठेवू नये. तुटलेल्या फोनचा अर्थ संकट असाही घेतला जातो. वीज गेल्यावर यंत्र किती वेळ चालते, हेही त्याच दिवशी पाहावे.

पत्त्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तरी जुन्या कागदांवर 'जि. परभणी' असे अजूनही आढळते. मुख्य पेढी दूरच्या शहरात आणि गोदाम इथे, अशी इंटरनेटवरची जोडणी असेल, तर गोदामातून केलेल्या फोनचा पत्ता त्या शहराचाच दिसण्याचा संभव असतो.

पंधरा दिवसांनी त्याच पेढीवर, पोलिसांना कळवून, गोदामातील हमालाने ११२ लावला. फोन पहिल्याच खेपेला लागला. पलीकडून विचारणा झाली, "नेमके कुठे?" त्याने गावाचे नाव सांगितले आणि तो थबकला. त्याच संध्याकाळी शेठजींनी पेढीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण ठळक अक्षरांत लिहून तो कागद गोदामातील फोनच्या वर चिकटवला.