घरात राहून काम करणारी ताई निवडताना

मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि आपल्यामागे शेत, जनावरं, गटाची बैठक. अशा घरांतून हल्ली आमच्याकडे विचारणा होते, "राहायला येणारी कोणी मिळेल का?" आपल्यातल्याही काही जणी हे काम करायला जातात. म्हणून आज दोन्ही बाजूंनी बोलू.

आधी कामाची यादी करा. आजींची सेवा, स्वयंपाक, धुणीभांडी, गोठा आणि वर रात्रीचं जागरण, हे सगळं एकटीला झेपत नाही. नेमकं काय हवं ते ठरलं, तरच योग्य माणूस निवडता येतं.

भेटायला आलेल्या ताईला नुसतं "काम येतं का?" विचारू नका, हो तर सगळ्याच म्हणतात. प्रसंग सांगा: "आजी न्हाणीत पडल्या, घरात कोणी नाही, काय कराल?" घाईने ओढून उठवण्याआधी शुद्ध आहे का, कुठे लागलं हे बघणारी, शेजारी हाक मारणारी, फोन करणारी ताई जाणती समजा. आजींना कुशीवर कसं वळवता, ते करून दाखवायला सांगा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. आजींचंही मत घ्या. अंग त्यांचं पुसलं जाणार आहे.

आधीच्या घरी फोन करा. "कशी होती?" म्हटलं की "बरी होती" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "किती दिवस होती? काम का सुटलं? पुन्हा बोलवाल का?" असं विचारा. आधार कार्डाची झेरॉक्स ठेवा, मूळ कार्ड लगेच परत द्या. वय १८ पूर्ण असावं. १४ वर्षांखालच्या मुलीला कामाला ठेवणं तर गुन्हाच आहे.

जात मात्र विचारू नका. सेवा हातांनी होते, आडनावाने नाही.

पगार, सुट्टी, झोपायची जागा यांबद्दल ती विचारते, म्हणून तिला भांडखोर ठरवू नका. टिकायचं असतं तीच आधी विचारते. आतून कडी लागणारी खोली, आठवड्याची सुट्टी, घरी फोन करायची मोकळीक आणि पगाराची तारीख एका कागदावर लिहा. दोघींच्या सह्या घ्या, एकेक प्रत दोघींकडे ठेवा. पहिले आठ दिवस पाहणीचे ठरवा, पण त्यांचेही पैसे द्या.

कामाला जाणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही घर असंच पारखा. पत्ता आणि फोन नंबर गटाच्या वहीत लिहूनच निघा. घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळ कायदा आहे. नोंदणीची चौकशी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करा.

पुढच्या बैठकीत कराराचा असा एक कागद सगळ्या मिळून तयार करूया.