ब्रह्मदेशाची ओळख

थळच्या किनाऱ्यावर तिन्हीसांजेला उभे राहिले म्हणजे खांदेरीचा दिवा दिसतो. हा दीपस्तंभ १८६७ सालचा. मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटींची वाट त्याच्या बाहेरून जाते. १९०८ च्या सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना मुंबईहून बोटीने रंगूनला आणि तेथून मंडालेला नेले, ते याच समुद्रातून. मंडालेचे नाव तेव्हापासून आपल्या घरोघरी झाले. पण ते गाव ज्या देशात आहे त्या ब्रह्मदेशाविषयी आपल्याला फारच थोडे ठाऊक असते. ही उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच आमचा हेतू आहे.

ब्रह्मदेश, म्हणजे १९८९ पासूनचा म्यानमार, हा आपला सख्खा शेजारी. अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम ही आपली राज्ये त्याला लागून आहेत. क्षेत्रफळ सुमारे ६ लाख ७६ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडे अधिक.

त्याची रचना कोकणच्या माणसाला समजावून सांगणे फार सोपे. अराकानचा किनारा म्हणजे त्यांचे कोकण, आणि त्यामागची अराकान योमा ही डोंगररांग म्हणजे त्यांचा सह्याद्री. आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा पाऊस डोंगराच्या अलीकडे कोसळतो; किनाऱ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, तर पलीकडे मंडालेला हजारही भरत नाही. जणू घाट चढून देशावर यावे! फरक एवढाच, की आपल्या कृष्णा-गोदा पूर्वेला जातात आणि त्यांची इरावती उत्तरेकडून दक्षिणेला, डोंगराच्या कडेकडेने वाहते. तिची लांबी सुमारे २,१७० किलोमीटर. तिच्या मुखाशी भाताचे विस्तीर्ण आगर आहे. डोंगरांतला साग तर जगप्रसिद्धच.

आता प्रेक्षणीय स्थळे पाहू. रंगूनला श्वेडगॉन हा सोन्याने मढवलेला सुमारे सव्वातीनशे फूट उंचीचा स्तूप आहे. त्याच शहरात १८६२ साली बादशहा बहादूरशहा जफर कैदेत वारला. त्याची कबर तेथे आहे. सरकार मात्र २००५ साली नेप्यिडॉ या नव्या राजधानीत हलले. इरावतीकाठच्या बागान येथे मुख्यतः अकराव्या ते तेराव्या शतकांतली दोन हजारांहून अधिक मंदिरे व स्तूप उभे आहेत. २०१९ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपली खांदेरी इतर मराठा किल्ल्यांसह २०२५ साली त्याच यादीत जाऊन बसली. पूर्वेच्या शान पठारावर इनले सरोवर आहे. तेथले कोळी होडीच्या टोकाला एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने वल्हे मारतात. आपल्या कोळीबांधवांनी हे कौतुक एकदा पाहावेच.

शेवटी मंडाले. १८५७ साली मिंडोन राजाने ते वसवले. त्याचा मुलगा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि त्याच्या प्रजेपासून दूर, रत्नागिरीस आणून ठेवले. तेथेच तो १९१६ साली वारला. इकडे रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्याच थिबाच्या मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात १९१४ पर्यंत डांबले. ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. राजा असो वा लोकनेता, माणूस मोडायचा तर त्याला त्याच्या माणसांतून उचलावा, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच होता. टिळक परत आले. राजा परतला नाही.

ब्रह्मदेशाची परीक्षा अजून संपलेली नाही. २०२१ साली लष्कराने सत्ता घेतली आणि यादवी पेटली. २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने मंडालेची मोठी हानी केली; देशात तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. म्हणून तिकडचा बेत आखण्यापूर्वी आपल्या सरकारच्या सूचना अवश्य पाहाव्यात.

तोवर निदान रत्नागिरी गाठावी. १९१० साली पुरा झालेला थिबाचा राजवाडा पाहावा आणि त्याच्या समाधीपाशी क्षणभर थांबावे. ब्रह्मदेशाची पहिली ओळख करून घ्यायला त्याहून जवळची जागा आम्हांला ठाऊक नाही.