फुटेजची खतावणी

व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ नसतो. जळगावातल्या जुन्या मिक्सिंगवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. पण मेहरूणमध्ये घरच्याच एका खोलीत संगणक मांडून लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलेल्या नव्या मुलाला ते पहिल्या लगनसराईत कळतं, आणि बहुधा फटका बसूनच कळतं. एडियस असो, प्रीमियर असो की दा विंची रिझॉल्व्ह, प्रोजेक्टच्या फाइलीत असते ती खतावणी. कोणती क्लिप, कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात, कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत घ्यायची, एवढीच नोंद. माल गोदामात असतो, वही पेढीवर. माल हलवला आणि वहीला कळवलं नाही, की पडद्यावर लाल पाटी झळकते: मीडिया ऑफलाइन.

या वहीची ओळख करून द्यावीशी वाटते, कारण संकलनाबद्दल बोलताना सगळे कट, रंग आणि इफेक्टविषयी बोलतात. वहीबद्दल कुणी बोलत नाही. आणि काम बुडतं ते बहुतेक वेळा वहीपायी.

आधी मालाचा अंदाज घेऊ. 4के चित्रीकरण सेकंदाला 100 मेगाबिट या वेगाने होत असेल, तर तासाला साधारण 45 जीबी जागा लागते. हळद आणि लग्न असे दोन दिवस, तीन कॅमेरे, प्रत्येकाचं दोन्ही दिवस मिळून पाच तासांचं चित्रीकरण धरलं तर एका लग्नाचे पावणेसातशे जीबी होतात. एका तिथीला दोन ऑर्डरी असल्या तर दुप्पट. इतका जड माल साधा संगणक ओढू शकत नाही, म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल तयार करतं. तिला प्रॉक्सी म्हणतात. कापाकापी नकलेवर होते आणि शेवटी वही पाहून मूळ क्लिपा जागच्या जागी बसवल्या जातात.

खरी मेख आहे नावात. अनेक कॅमेरे पहिल्या क्लिपला सी0001 असं नाव देतात आणि कार्ड फॉरमॅट केलं की मोजणी पुन्हा एकपासून धरतात. साध्या कॅमेऱ्यांत टाइमकोडही बऱ्याचदा प्रत्येक क्लिपला शून्यापासूनच सुरू होतो. म्हणजे एकाच लग्नात सी0001 नावाच्या चार-पाच क्लिपा सहज निघतात. सगळं एका फोल्डरात ओतलं तर एक दुसरीवर चढते. वेगळं ठेवलं, पण डिस्क बदलल्यावर घाईत लिंक जोडली, तर सप्तपदीच्या जागी हळदीची क्लिप येऊन बसते. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने नाव जुळलेलं असतं. उपाय अगदी साधा आहे: तारीख, कॅमेरा आणि कार्ड यांचा स्वतंत्र फोल्डर, आणि एकदा प्रोजेक्टमध्ये घेतल्यावर त्याला हात लावायचा नाही.

फिल्मच्या काळात हीच शिस्त जिवावरची होती. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी बसतात आणि 1000 फुटांचं रीळ जेमतेम 11 मिनिटं चालतं. निगेटिव्हच्या कडेला छापलेले क्रमांक सहायक संकलक वहीत उतरवून घेत. 1990 साली कोडॅकने हे क्रमांक यंत्राला वाचता येतील अशा पट्ट्यांत छापायला सुरुवात केली. पुढे कापाकापी संगणकावर आली, तरी निगेटिव्ह कात्रीनेच कापायची होती, आणि एकदा कापली की कापली. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा, आपल्याकडचा व्हिडिओ 25 चौकटींचा. या दोहोंचा मेळ घालून निगेटिव्हवरची नेमकी चौकट सांगणं हे फिल्मलॉजिक नावाच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. अॅपलने ते 2000 साली विकत घेतलं आणि 2002 पासून सिनेमा टूल्स या नावाने विकलं. त्यात कापाकापी होतच नसे. प्रत्येक शॉटचा सीन, टेक, रीळ, कडेचा क्रमांक आणि टाइमकोड एवढंच त्यात भरलेलं असे. 2011 साली तेही बंद झालं. म्हणून वही एकाच कंपनीच्या कुलपात ठेवू नये, साध्या मजकुराच्या फाइलीत तिची एक प्रत काढून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

खान्देशच्या वेशीवर मालेगावात नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा हाताशी व्हीसीआर होते. एका व्हीसीआरवरचा तुकडा दुसऱ्यावर उतरवायचा, त्याच्या मागे पुढचा. मध्येच एखादा शॉट वाढवायचा ठरला तर तिथपासून पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे. अशा कामाची वही माणसाच्या डोक्यात असते. त्या जिद्दीला माझा मनापासून सलाम आहे, पण डोक्यातली वही दुसऱ्याला देता येत नाही.

वहीविना काय होतं, याचा दाखला भारतीय सिनेमाच्या उगमापाशीच आहे. फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची म्हणून पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात पहिली आणि शेवटची रिळं जपलेली आहेत. ती खरोखर 1913 ची, की फाळक्यांनीच 1917 साली पुन्हा केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. चित्र हाती आहे आणि तरी ते कोणतं, हे पैजेवर सांगता येत नाही.

उलट उदाहरण जळगावच्या शेजारचंच. आसोद्याच्या बहिणाबाई निरक्षर होत्या. घरातल्या माणसांनी त्यांची गाणी ऐकून वहीत टिपून ठेवली, म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. कुणी टिपली नसती तर ती शेतातच विरली असती.

आज खान्देशात कानबाईच्या रात्रीची, आखाजीच्या झोक्यावरची, लग्नघरच्या हळदीची अहिराणी गाणी रोज कुठे ना कुठे कॅमेऱ्यात उतरतात. लग्नाची फिल्म घरच्यांना दिली जाते आणि मूळ फुटेज पुढच्या ऑर्डरीसाठी पुसलं जातं, किंवा ‘न्यू फोल्डर 3’ मध्ये पडून राहतं. वैशाखात पारा 45 च्या आसपास जातो, वीज जाते-येते, आणि एक दिवस डिस्क उघडत नाही. त्या डिस्कवर आजीच्या तोंडच्या ओव्या होत्या, हे तेव्हा आठवतं.

जळगाव-धुळ्याच्या मिक्सिंगवाल्या भावांनो, कार्ड रिकामं करण्याआधी दोन डिस्कांवर प्रत घ्या आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. रिझॉल्व्हमधलं क्लोन टूल प्रत बरोबर उतरली की नाही हे तपासून देतं, ते वापरा. घरच्यांची परवानगी असेल तर निदान गाण्यांच्या क्लिपा पुसू नका. आणि गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव, प्रसंग आणि तारीख क्लिपच्या नोंदीत मराठीत किंवा अहिराणीत लिहा. ते ज्या दिवशी शूटिंग झालं त्याच दिवशी लिहा, कारण महिन्याने ते नाव कुणालाच सांगता येत नाही.