एका छिद्राचे मोल

निवडणूक म्हटली की आपल्याला निवडणूक आयोग आठवतो. अमेरिकेत मात्र देशभर मतदान घेणारी एकच यंत्रणा नाही, हे वाचून मला नवल वाटले. राज्याच्या कायद्यानुसार मतदान व मोजणी बहुतेक ठिकाणी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक, पाहतो. २००० साली फ्लोरिडात अनेक काउंट्यांत मतपत्रिकेला छिद्र पाडून मत देत. कित्येक छिद्रे अर्धवट पडली. ती मते कशी मोजावीत याचा एकच नेमका नियम नव्हता. अखेर सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली आणि तेथील सुमारे ६० लाख मतांत अवघ्या ५३७ मतांच्या आघाडीवर जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले. २००२ च्या कायद्याने नव्या यंत्रांना पैसा मिळाला. कारभार विखुरलेलाच राहिला. स्थानिक स्वातंत्र्य मोलाचे खरे. परंतु मोजण्याची रीत काउंटीगणिक बदलली, तर प्रत्येक मताचे मोल सारखे कसे राहावे?